मामूंच्या ट्रंकेतल्या रेकॉर्डी

मामूंच्या इंतकालाला गेल्या महिन्यात वर्ष झालं. चाळिसावा उरकल्यावर आठवडाभरातच मुमानीचा फोन आला होता. मुमानी म्हणजे मामी. आमच्याकडे बरेच जण मामीच म्हणतात, पण आमच्या घरात उर्दू शाळेच्या संस्कारानं मुमानी रूढ झालं.

"तू शिकलेली आहेस. एकदा येऊन बघ. त्यांच्या ट्रंकेचं काय करायचं ते मला समजत नाही."

कोपरखैरण्याच्या त्यांच्या घरात पोटमाळ्यावर एक लोखंडी ट्रंक होती. मामू म्हसळा तालुक्यातले, तरुणपणी डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीत राहून बोटीवर नोकरी शोधणारे. खलाशी म्हणून चढले आणि सारंग होऊन उतरले. ती ट्रंक त्यांच्याबरोबर निम्मं जग फिरलेली. आम्हा मुलांना ती उघडायला बंदी होती. आत कस्टमपासून लपवलेलं सोनं आहे अशी आमची खात्री होती. निघाल्या अडतीस एल.पी. रेकॉर्डी, एक बंद पडलेला रेकॉर्ड प्लेअर आणि डांबराच्या गोळ्यांची राख.

मुमानीचा प्रश्न सरळ होता. "हे गाण्याबजावण्याचं सामान. ते तर गेले. हे घरात राहिलं तर त्याचा जाब त्यांना कब्रीत द्यावा लागेल का?"

माझं बी.एड. झालंय. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते आणि अडल्या दिवशी उर्दूचा तासही घेते. या प्रश्नाचं उत्तर मला कोणी शिकवलं नव्हतं. संगीताबद्दल उलेमांमध्ये शेकडो वर्षं मतभेद आहेत. काही जण वाद्य सरसकट नाकारतात. दुसरीकडे इमाम गझालींनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये समावर, म्हणजे ऐकण्यावर, एक अख्खं प्रकरण लिहिलंय. कोण ऐकतो, काय ऐकतो आणि ऐकून मनाचं काय होतं, हे सगळं त्यांनी तपासलंय. मी आलिमा नाही, त्यामुळे मुमानीला फतवा देणं माझं काम नव्हतं. दोह्याहून मामेभाऊ फोनवर म्हणाला, भंगारवाल्याला द्या. तेवढं ऐकल्यावर मात्र मी म्हटलं, सध्या माझ्याकडे नेते, ऐकते, मग सांगते.

आमचं घर नेरुळला, वन बीएचके. आमच्या ह्यांनी पुस्तकांच्या कपाटातला एक कप्पा दाखवला आणि म्हणाले, "एवढ्यात बसतील तेवढ्या ठेव." म्हणजे निवड करणं आलंच. माझ्या मनात आधी नसतानाही, कुठल्या रेकॉर्डी ठेवण्यासारख्या आहेत हा प्रश्न असा माझ्या गळ्यात पडला.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. प्लेअरचा पट्टा बदलून घेतला, पण सुई जुनीच ठेवली. पहिलीच रेकॉर्ड जिम रीव्हजची लावली, आणि झिजलेल्या सुईनं तिच्या खाचांचा भुगा केला. त्यानंतर चोरबाजारात जाऊन नवी सुई आणली. तिथल्या दुकानदारानं आणखी दोन गोष्टी शिकवल्या. रेकॉर्डी एकावर एक रचायच्या नाहीत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या, नाहीतर वाकतात. आणि बुरशी आलेली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ कापडानं खाचांच्या दिशेनं गोल पुसायचं, मधला कागद ओला होऊ द्यायचा नाही. आपल्या नवी मुंबईच्या पावसाळ्यात चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, तिथे या पुठ्ठ्यांची काय कथा. दोन रविवार माझे धुण्यातच गेले.

अडतीसमधल्या बऱ्याचशा जॅझच्या होत्या. डेकवर काम करणाऱ्या कोकणी मुसलमान माणसाच्या ट्रंकेत जॅझ कुठून आलं? मुमानीला एवढंच माहीत होतं की बोटीवर एक बार्देशचा बटलर होता, त्याची आणि मामूंची दोस्ती होती. मग जरा उलगडा झाला. बार्देशमधलं हळदोणे हे चिक चॉकलेटचं गाव. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेट वाजवायचे, मुंबईत त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मुंबईत १९३५ सालापासून ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतल्या काळ्या वादकांचे बँड येऊन वाजवत होते. त्यांच्याकडून ही विद्या गोव्याच्या पोरांनी उचलली. तेच वादक दिवसा फिल्म स्टुडिओत वाजवायला जायचे. पुणतांब्याचे चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, त्यांनी १९५१च्या 'अलबेला'त चिक चॉकलेटला घेतलं; सिनेमात त्यांचा बँड दिसतोसुद्धा. भगवानदादांच्या नाचावर शिट्ट्या मारणाऱ्या गिरणगावानं जॅझ ऐकलं होतं, फक्त त्याला ते नाव माहीत नव्हतं. तेव्हा हे काहीतरी परक्यांचं, उच्चभ्रूंचं संगीत आहे असं कोणी म्हटलं की मला आता पटत नाही.

मामूंचं शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत. इंग्रजी बोलायचे भरपूर, पण वाचायला अडखळायचे. म्हणून प्रत्येक कव्हरच्या मागे त्यांनी पेन्सिलीनं उर्दूत टिपण केलं होतं: वादकाचं नाव, बंदराचं नाव, साल. आणि कोपऱ्यात एक आकडा. त्या आकड्याकडे मी तेव्हा नीट बघितलं नाही.

पहिली रेकॉर्ड जी मी कप्प्यात ठेवली ती अहमद जमाल यांची 'अ‍ॅट द पर्शिंग'. खरं सांगते, केवळ नाव वाचून लावली. पिट्सबर्गला १९३० साली जन्मलेला हा माणूस, आधीचं नाव फ्रेडरिक रसेल जोन्स, विशीत मुसलमान झाला. जानेवारी १९५८मध्ये शिकागोच्या पर्शिंग हॉटेलातल्या लाउंजमध्ये त्यांच्या त्रिकुटानं वाजवलं, तेच हे रेकॉर्डिंग. त्रेचाळीस तुकडे टेप झाले, त्यातले जमाल यांनी आठच ठेवले. पियानो जमालांचा, बासवर इस्रायल क्रॉस्बी, ड्रमवर व्हर्नेल फोर्निए. तुम्ही ऐकाल तेव्हा लक्षात येईल की हा माणूस वाजवण्यापेक्षा न वाजवण्यात उस्ताद आहे. दोन स्वर टाकतो आणि थांबतो. तेवढ्या वेळात मागचे दोघे चालत राहतात, आणि आपण पुढच्या स्वराची वाट बघत बसतो. मुशायऱ्यात चांगला शायर पहिला मिसरा म्हणून जसा थांबतो, तसं. माइल्स डेव्हिससारखा माणूस या थांबण्यावर फिदा होता. यातलं 'पॉइन्सियाना' जवळजवळ आठ मिनिटांचं आहे आणि त्यात ड्रमचा जो ठेका आहे तो मी वर्गात पेपर तपासताना टेबलावर वाजवते असं मुलींनी मला सांगितलं.

ही रेकॉर्ड अमेरिकेच्या खपाच्या यादीत शंभराहून जास्त आठवडे टिकली. त्या पैशातून जमाल यांनी शिकागोत 'अल्हाम्ब्रा' नावाचं ठिकाण काढलं, जिथे संगीत होतं, जेवण होतं, आणि दारू नव्हती. अर्थात ते फार दिवस चाललं नाही. जॅझ ऐकायला येणाऱ्यांना दारूशिवाय बसवणं म्हणजे आपल्याकडे लग्नात बिर्याणीशिवाय लोक बसवण्यासारखं. पण त्यांनी करून बघितलं, याचं मला कौतुक वाटतं.

नंतर बघितलं तर असे बरेच निघाले. 'मोनिन' या १९५८च्या रेकॉर्डचा ड्रमर आर्ट ब्लेकी. त्यानं अब्दुल्ला इब्न बुहैना हे नाव घेतलं होतं. मामूंनी मागे लिहिलंय, 'ढोलवाला अब्दुल्ला'. पियानिस्ट मॅकॉय टायनर, मुसलमानी नाव सुलेमान सऊद. अमेरिकेतल्या काळ्या वादकांपर्यंत १९४०च्या दशकात इस्लाम पोहोचला तो मोठ्या प्रमाणावर अहमदिया प्रचारकांकडून. त्यांचे पहिले प्रचारक १९२० सालीच तिथे गेले होते. या पंथावरून आपल्याकडे काय वाद आहे ते मला ठाऊक आहे आणि तो मला इथे उकरायचा नाही, पण वाद आहे म्हणून इतिहास गाळून सांगणंही बरं नव्हे. कारणं सगळी रूहानीच होती असंही नाही. डिझी गिलेस्पीनं आत्मचरित्रात लिहिलंय की मुसलमान नाव घेतलेल्या काही वादकांच्या ओळखपत्रावर काळ्याऐवजी गोरा अशी नोंद व्हायची, आणि मग जिथे काळ्यांना मज्जाव तिथे त्यांना जेवायला मिळायचं. आपल्या शहरात भाड्यानं घर शोधताना आडनाव लपवावं लागणाऱ्यांना हे वाचून जरा हसूच येईल. तिथे मुसलमान नावानं दार उघडायचं!

माझी सर्वात लाडकी रेकॉर्ड युसूफ लतीफ यांची 'ईस्टर्न साउंड्स', १९६१ सालचं रेकॉर्डिंग. लतीफ सॅक्सोफोन आणि बासरी वाजवायचे, आणि ओबो. ओबो म्हणजे शहनाईच्या लांबच्या नात्यातलं दुहेरी पत्तीचं वाद्य. जॅझमध्ये तोवर ते कोणी फारसं वापरत नव्हतं. पहिला तुकडा 'द प्लम ब्लॉसम'. त्यात एका चिनी मातीच्या बासरीवर पाचच स्वरांत ते असं काही वाजवतात की लहान पोरगं अंगणात एकटं खेळतंय असं वाटतं. त्यांच्या बासवादकानं इथे बास बाजूला ठेवून रबाबाच्या जातीचं वाद्य घेतलंय. 'स्पार्टाकस' सिनेमातली धून त्यांनी ओबोवर घेतली आहे. ती मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पाऊस पडत होता आणि कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्याचं मला कळलं नाही.

पण लतीफ यांच्यावर माझा जीव जडला त्याचं दुसरंही कारण आहे. ते शिक्षक होते. पन्नाशीत असताना, १९७५ साली, त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विषय होता पाश्चात्त्य आणि इस्लामी शिक्षणपद्धती. नंतर काही वर्षं नायजेरियातल्या विद्यापीठात राहून काम केलं. जॅझ हा शब्द त्यांना पसंत नव्हता. शरीर, मन आणि रूह यांतून येणारं संगीत अशा अर्थाचा एक लांबलचक शब्द त्यांनी स्वतः बनवला होता. दारू विकणाऱ्या क्लबात वाजवणं त्यांनी पुढे सोडून दिलं. हजही केला. २०१३ साली त्र्याण्णव वर्षांचे होऊन गेले. बी.एड.ला आम्हाला रूसो, फ्रोबेल, मॉन्टेसरी शिकवले. कोणी लतीफ यांचं नाव घेतलं असतं तर मी शेवटच्या बाकावर पेंगले नसते.

माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' प्रत्येक यादीत पहिली असते. म्हणून मी जरा चिडूनच लावली. यादीवाले बरोबर आहेत. मार्च आणि एप्रिल १९५९मध्ये, न्यूयॉर्कच्या एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केला होता तिथे, दोन बैठकांत ती झाली. ती मला समजावली आमच्या ओळखीच्या एका मराठी शाळेतल्या संगीताच्या सरांनी. ते हार्मोनियम घेऊन आमच्या घरी आले. पहिला तुकडा 'सो व्हॉट' लावला, दोन मिनिटं कान दिला आणि म्हणाले, "अहो मॅडम, हा तर काफी थाट आहे." कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. सोळा बार त्याच थाटात, मग आठ बार सगळा थाट अर्ध्या स्वरानं वर उचलायचा, मग परत आठ बार मूळ जागी. एवढाच आराखडा. त्याआधीच्या जॅझमध्ये स्वरसंगती दर दोन ठोक्यांना बदलायची, वादकाची सगळी अक्कल त्या उड्या मारण्यात जायची. इथे डेव्हिसनं जमीन मोकळी करून दिली आणि सांगितलं, आता चाला. आपल्याकडे राग वाढवतात त्याच्या हे बरंच जवळ जातं, मात्र एकाच रागात तासभर मुक्काम करण्याची हिंमत इथे नाही, असं सरांचं मत. मला तसं वाटत नाही, पण मी वाद घातला नाही.

सरांना आणखी एक गोष्ट खटकली. पहिली बाजू त्यांच्या हार्मोनियमशी जुळेना, किंचित चढी लागत होती. त्यांना वाटलं आमचा प्लेअर बिघडलाय. नंतर मी वाचलं, पहिल्या बैठकीच्या वेळी टेप मशीनच हळू चालत होतं, त्यामुळे जुन्या सगळ्या प्रतींत पहिल्या बाजूचे तीन तुकडे चढे वाजतात. ही चूक १९९२ साली दुरुस्त झाली. मामूंची प्रत जुनी. तेहतीस वर्षं जगानं चढं ऐकलं आणि त्यावर प्रेम केलं! सरांना मी डेव्ह ब्रुबेकची 'टाइम आउट' भेट देऊन टाकली. त्यातलं पाच मात्रांचं 'टेक फाइव्ह' चांगलं आहे, पण मला तीनदा ऐकल्यावर पुरे झालं. सर मात्र तीन-दोनचा हा हिशोब आपल्या झपतालाच्या दोन-तीनशी उलटासुलटा लावून बघण्यात रमलेत.

'रागा-जॅझ स्टाइल' ही शंकर-जयकिशन यांची १९६८ची एच.एम.व्ही.ची रेकॉर्ड, आणि मामूंनी मुंबईतच घेतलेली. तोडी, भैरव, मालकंस, कलावती असे अकरा राग, शेवट भैरवीवर. खरं बोलायचं तर जॅझ म्हणून ती कमी पडते. तुकडे छोटे, कोणाला मोकळं सुटायला वेळच नाही, एखाद्या मोठ्या फिल्मी गाण्याच्या मधल्या संगीतासारखं वाटतं. तरी मी ती ठेवली. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेट जॉन परेरा, पियानो लुसिला पाचेको, ड्रम लेस्ली गोदिन्हो, गिटार दिलीप नाईक. ही नावं एका दमात वाचून बघा. असे लोक एका खोलीत बसून तोडी वाजवत होते, त्या मुंबईचा हा पुरावा आहे. रईस खान पुढे १९८६ साली पाकिस्तानात गेले आणि कराचीतच वारले.

जॉन कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'बद्दल मी सगळ्यात कमी लिहिणार आहे. ९ डिसेंबर १९६४, चौघे वादक, चार भाग. कोल्ट्रेन धर्मोपदेशकांच्या घरातला, नशेच्या गर्तेतून बाहेर आलेला, आणि ही रेकॉर्ड त्यानं देवाला अर्पण केलीय. शेवटच्या भागात तो स्वतःची लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर वाजवतो, शब्दाला शब्द. कव्हरमध्ये ती छापलेली आहे, बोट ठेवून वाचलं तर बरोबर जुळते. मी याला इबादत म्हणणार नाही. पण तहज्जुदला उठलेल्या माझ्या आजीची मुनाजात मी लहानपणी गोधडीतून ऐकायचे, शब्द न कळता. ती मला आठवली. मामूंनी या रेकॉर्डच्या मागे बंदर लिहिलेलं नाही. फक्त 'रात्री, एकट्यानं' एवढंच.

शेवटी मुमानी आमच्याकडे राहायला आली, आठ दिवस. मी आधी काही बोलले नाही. एका दुपारी अस्रनंतर 'ईस्टर्न साउंड्स' लावली आणि कव्हर तिच्या हातात दिलं. चष्मा लावून तिनं पाठीमागची पेन्सिल वाचली. 'युसूफ लतीफ. माणूस मुसलमान आहे, नमाजी आहे म्हणतात. रॉटरडॅम, १९७४.' मला वाटलं तिचं मन आता हलकं होईल. तिचं बोट कोपऱ्यातल्या आकड्यावर थांबलं.

"हे एकवीस काय आहे?"

"गिल्डर. हॉलंडचे पैसे. किंमत असेल."

"म्हणजे किती?"

मी मोबाईलवर बघून अंदाजानं सांगितलं, तेव्हाचे साठेक रुपये.

मुमानीनं चष्मा काढला. "मला सांगितलं होतं, कप्तानानं फुकट दिल्या. सगळ्या. चौऱ्याहत्तर साली गावच्या घराची कौलं फुटली होती. बदलायला पैसे नव्हते. अख्खा पावसाळा मी टोपं लावत बसले. तुझी आई होती माझ्याबरोबर, विचार तिला."

मी काय बोलणार? रेकॉर्ड वाजत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाकीच्या आण."

मी बाकीच्या आणल्या. एकेक कव्हर उलटं करून ती आकडे वाचू लागली आणि मी वर्गाच्या हजेरीच्या कच्च्या वहीत लिहू लागले. गिल्डर वेगळे, पौंड वेगळे, येन वेगळे. अकरा झाल्या तेव्हा मगरिबची अजान झाली. मी सुई उचलली. आम्ही दोघींनी नमाज पढली. तिची दुआ नेहमीपेक्षा लांबली.

जानमाजची घडी घालताना मी धीर करून विचारलं, "मुमानी, ते कब्रीतल्या जाबाचं..."

"ते अल्लाह आणि ते बघून घेतील. त्याचा रहम मोठा आहे. मी कौलांचं माफ केलंय का, ते आधी बघू दे." चष्मा लावून ती पुन्हा खाली बसली. "बाराव्वी कुठली होती?"

बारावी अहमद जमाल यांची होती. मी ती लावली. तिनं नको म्हटलं नाही, आणि कव्हर उलटं करून आकडा शोधू लागली.